आवाज येतो, पण शब्द कळत नाहीत: व्याख्यानांच्या रेकॉर्डिंगमधले नेहमीचे घोळ

आमच्या वाचनालयाच्या व्याख्यानमालेचं रेकॉर्डिंग गेली नऊ वर्षं मी करतोय. शिक्षण वगैरे काही नाही. पहिल्या वर्षी माइकचे आवाज एकत्र करणाऱ्या मिक्सरशेजारची खुर्ची रिकामी दिसली म्हणून बसलो, तो अजून उठलेलो नाही. व्याख्यान झालं की दुसऱ्या दिवशी ते यूट्यूबवर चढतं, लिंक व्हॉट्सअ‍ॅपवर फिरते आणि दुपारपर्यंत तक्रार येते. नऊ वर्षांत तक्रारीचे शब्दही फारसे बदललेले नाहीत: "आवाज येतोय हो, पण काय बोलतायत ते कळत नाही. जरा मोठा करा ना."

मोठा करून काही होत नाही, हे कळायला मला तीन वर्षं लागली. आवाजाबरोबर पंखा मोठा होतो, घुमणं मोठं होतं, मागच्या रांगेतला खोकला मोठा होतो. शब्द होता तिथेच राहतो. त्याच्यावर जे पसरलंय ते दूर करावं लागतं, आणि काय पसरलंय ते दर वेळी वेगळं निघतं. म्हणून आधी दुखणं ओळखायचं, मग औषध. उदाहरणं ऑडॅसिटी या आवाज दुरुस्त करायच्या सॉफ्टवेअरमधली देतोय, कारण ते फुकट आहे आणि वाचनालयाच्या म्हाताऱ्या लॅपटॉपला झेपतं. तुम्ही दुसरं काही वापरत असाल तर नावं थोडी बदलतील, काम तेच.

हेडफोनवर ठणठणीत, मोबाईलवर वक्ता गायब

हे सगळ्यात आधी, कारण यात मी सलग दोन वर्षं फसलो. घरी हेडफोन लावून ऐकलं की व्याख्यान व्यवस्थित. टाकलं यूट्यूबवर, की निम्मे लोक म्हणणार छान, निम्मे म्हणणार आवाजच नाही. एका काकांनी तर फोन करून मला मोबाईलच कानाशी धरून ऐकवला. टाळ्या ऐकू येत होत्या, खुर्च्या सरकवल्याचा आवाज येत होता, आणि वक्त्याच्या जागी पाण्याखालून कुणीतरी कुजबुजल्यासारखं किरकिरं काहीतरी. मी त्यांना मोबाईल बदला म्हणालो. अजून तोंड दाखवायला लाज वाटते.

घोटाळा वायरीत होता. मिक्सरच्या ज्या आउटला मी रेकॉर्डर जोडत होतो ते बॅलन्स्ड होतं. अशा आउटमध्ये एकच आवाज दोनदा पाठवलेला असतो, एकदा सरळ आणि एकदा उलटा. मोठ्या पिनच्या टोकावर सरळ, मधल्या कड्यावर उलटा. लांब वायरीत शिरलेली खरखर पलीकडे गेल्यावर आपोआप वजा व्हावी म्हणून ही सोय, आणि ती उत्तम आहे. पण रेकॉर्डरच्या छोट्या पिनेच्या भोकाला हे काही ठाऊक नसतं. त्याच्या लेखी टोक म्हणजे डावा कान आणि कडं म्हणजे उजवा. त्यामुळे डाव्या बाजूला वक्ता सरळ नोंदला जातो, उजव्या बाजूला तोच वक्ता उलटा.

हेडफोनवर दोन कानांत दोन वेगळे आवाज जातात, म्हणून ऐकू येतं. नीट लक्ष दिलं तर आवाज समोरून न येता डोक्याच्या मागे कुठेतरी पसरल्यासारखा वाटतो, ती पहिली खूण. एकच स्पीकर असलेला मोबाईल किंवा छोटा ब्लूटूथ डबा दोन्ही बाजूंची बेरीज करतो. सरळ अधिक उलटा, बाकी शून्य. टाळ्या वाचल्या, कारण त्या रेकॉर्डरच्या स्वतःच्या माइकमधून वेगळ्या आल्या होत्या.

झालेलं रेकॉर्डिंग वाचवणं दोन मिनिटांचं काम आहे. ट्रॅकच्या नावावर टिचकी मारून 'स्प्लिट स्टिरिओ टू मोनो' करा, एक बाजू पुसून टाका, उरलेली ठेवा. एका माणसाच्या भाषणाला स्टिरिओची गरज नसतेच. दोन्ही बाजू हव्याच असतील तर एकीवर 'इन्व्हर्ट' चालवा, म्हणजे उलटा आवाज सरळ होतो. पुढच्या वेळी मिक्सरवर 'रेक आउट' किंवा 'टेप आउट' लिहिलेली लाल-पांढरी भोकं शोधा आणि तिथून आवाज घ्या. काही मिक्सरच्या कड्यावर उलटा आवाज नसतोच, तिथे फक्त डाव्या कानात वक्ता येतो. उपाय तोच, डावी बाजू ठेवा.

आता मी फाइल चढवण्याआधी माझ्या फोनच्या अ‍ॅक्सेसिबिलिटीत जाऊन 'मोनो ऑडिओ', म्हणजे दोन्ही बाजूंची बेरीज, चालू करतो आणि अर्धा मिनिट ऐकतो. अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींत ते बटण आहे.

फाटलेला आवाज

यावर थोडक्यात, कारण इलाज थोडाच आहे. मिक्सरमधून निघणारा आवाज व्होल्टाच्या घरात असतो. व्यावसायिक यंत्रांची ठरलेली पातळी सुमारे १.२३ व्होल्ट. कॅमेऱ्याच्या माइकच्या भोकाची अपेक्षा असते काही मिलिव्होल्टची. घागरभर पाणी वाटीत ओतल्यासारखं होतं. लाटेचे शेंडे कापले जातात आणि डिजिटलमध्ये कापलेला शेंडा कुठेच साठवलेला नसतो. 'क्लिप फिक्स'सारखी साधनं अंदाजाने शेंडा पुन्हा काढतात. एखाद-दुसरा शब्द फाटला असेल तर बरं निभावतं, अख्खं भाषण फाटलं असेल तर नाही.

रेकॉर्डरवर 'लाइन' आणि 'माइक' असा खटका असेल तर तो लाइनवर ठेवा, आणि पातळी अशी की वक्ता तावात आला तरी काटा उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील. २४ बिटमध्ये, म्हणजे जास्त बारीक मोजमापात, रेकॉर्ड केलंत तर हळू आलेला आवाज नंतर बिनधास्त उचलता येतो. वक्ते सुरुवातीला "माझा आवाज येतोय का?" असं जितक्या नम्रपणे विचारतात, त्यावर पातळी ठरवू नका. पंधराव्या मिनिटाला तोच माणूस टेबलावर मूठ आपटणार असतो.

गुणगुण

भारतात विजेची वारंवारता ५० हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला ५० कंपनं. तिची गुणगुण रेकॉर्डिंगमध्ये ५०, १००, १५० अशा पायऱ्यांवर बसते. कुठल्या वारंवारतेला किती जोर ते दाखवणारा 'प्लॉट स्पेक्ट्रम' उघडलात तर त्या पायऱ्या सुळक्यांसारख्या दिसतात. पण कॉम्प्युटरला हात लावण्याआधी लॅपटॉपचा चार्जर काढून बघा. लॅपटॉप एका बोर्डावर, मिक्सर दुसऱ्या बोर्डावर, दोघांचं अर्थिंग वेगळ्या वाटेनं, आणि मध्ये ऑडिओची वायर, की झालं वर्तुळ पूर्ण, आणि गुणगुण त्यातूनच आत शिरते. आमच्याकडे चार्जर उपटला आणि गुणगुण बटण दाबल्यासारखी थांबली. तेव्हापासून बॅटरी भरून आणतो, आणि सगळं एकाच बोर्डावरून घेतो. मिक्सरच्या प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकण्याचा सल्ला कुणी देईल. गुणगुण जातेही, पण धक्का बसला तर माणूसही जाईल. ते करू नका.

जुन्या फाइलमधली गुणगुण 'नॉच फिल्टर'ने ५०, १०० आणि १५० वर एकेक खाच पाडून जाते. खाच अरुंद ठेवा. पुरुषाच्या आवाजाचा पाया साधारण ८५ ते १८० हर्ट्झमध्ये असतो, रुंद खाच पाडली की वक्ता पोकळ वाटायला लागतो.

हॉल घुमतो

खाली गुळगुळीत फरशी, बाजूला प्लॅस्टरच्या भिंती, वर स्लॅब. आपल्याकडच्या बहुतेक सभागृहांची हीच कहाणी. रेकॉर्डिंगमध्ये प्रत्येक शब्दाची शेपटी पुढच्या शब्दावर पडते आणि सगळी भाजी एक होते.

या दुखण्याचा शास्त्रशुद्ध शोध एका व्याख्यानाच्या खोलीतच लागला. १८९५ मध्ये हार्वर्ड विद्यापीठात नव्या फॉग संग्रहालयाच्या व्याख्यानगृहात कुणाचं बोलणं कुणालाच कळेना, म्हणून ते वॉलेस सॅबिन नावाच्या तरुण प्राध्यापकाकडे सोपवलं. बोललेला शब्द तिथे साडेपाच सेकंद रेंगाळत होता. सॅबिनने रात्री शेजारच्या सँडर्स थिएटरमधल्या खुर्च्यांच्या गाद्या उचलून आणायच्या, ऑर्गनची नळी वाजवायची, आवाज विरायला किती वेळ लागतो ते घड्याळावर मोजायचं आणि सकाळपर्यंत गाद्या जागच्या जागी. त्यातून निघालेलं सूत्र आजही चालतं. घुमण्याचा वेळ म्हणजे खोलीचं घनफळ गुणिले ०.१६१, भागिले खोलीतलं एकूण शोषण. शोषण तो उघड्या खिडकीच्या मापात मोजायचा, कारण उघडी खिडकी आवाज पूर्ण गिळते, काही परत देत नाही.

आमच्या हॉलचं गणित मी एकदा मांडून पाहिलं. १२ मीटर लांब, ८ रुंद, ४ उंच, म्हणजे ३८४ घनमीटर. भिंती, फरशी आणि छत मिळून ३५२ चौरस मीटर, आणि प्लॅस्टर-फरशी आवाजाचा जेमतेम तीन टक्के गिळते असं धरलं तर शोषण साडेदहाच्या आसपास. उत्तर येतं जवळजवळ सहा सेकंद, रिकाम्या हॉलचं. आता ८० माणसं बसवा. एक माणूस सुमारे ०.४५ चौरस मीटर उघड्या खिडकीइतका आवाज खातो. शोषण ४६ च्या वर जातं आणि घुमणं सव्वा सेकंदाच्या थोडं वर येऊन थांबतं. म्हणजे श्रोते हेच आमचं सगळ्यात महागडं आवाज-शोषक, आणि पावसाळ्यात पंधरा डोकी आली की रेकॉर्डिंग बिघडतं ते का, त्याचंही हेच उत्तर. खिडक्या उघडल्या तर घुमणं आणखी कमी होतं, पण बाहेरून रिक्षा आत येतात.

घुमणं काढणारी सॉफ्टवेअर आता मिळतात, काही बरी आहेत. तरी त्यातून गेलेला आवाज मला रबरी लागतो. त्यापेक्षा माइक जवळ घ्या. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की थेट आवाज ६ डेसिबल घसरतो. घुमणं मात्र हॉलभर जवळपास सारखंच असतं. म्हणजे टेबलावरचा माइक ६० सेंटिमीटरवर असेल आणि तुम्ही तो १५ वर आणलात, तर वक्ता घुमण्याच्या तुलनेत १२ डेसिबल पुढे येतो. कुठलंही फिल्टर इतकं देत नाही. कॉलरचा माइक असेल तर हनुवटीखाली एक वीत, आणि उपरण्याच्या किंवा मंगळसूत्राच्या वाटेत येणार नाही असा. मंगळसूत्राची किणकिण कुठल्याही सॉफ्टवेअरने जात नाही, मी सगळं करून पाहिलंय.

हॉलच्या मागच्या भिंतीला वाचनालयाच्या दोन सतरंज्या टांगतो. लोकांना वाटतं वाळत घातल्यात.

साठ की आठ

आता सॉफ्टवेअरकडे. १९७२ च्या दुष्काळावर एका निवृत्त शिक्षकांचं व्याख्यान होतं. ते म्हणाले, "विहिरीला साठ फुटांवर पाणी लागलं नाही." पंख्याचा आवाज होता, म्हणून मी 'नॉइज रिडक्शन'चा काटा जोरात ओढला. पंखा गेला, मी खूश. चार दिवसांनी यूट्यूबखाली कुणीतरी लिहिलं: "आठ फुटांवर पाणी नाही म्हणून दुष्काळ? अजून खणायचं की!"

मी परत ऐकलं. खरोखरच "आठ" ऐकू येत होतं. 'स' गेला होता.

असं का होतं ते समजून घेतलं की निम्मं काम शिकून झालं. स्वरांचा जोर खाली असतो, शंभर-दोनशेपासून काही हजार हर्ट्झपर्यंत. आवाज 'मोठा' वाटतो तो स्वरांमुळे. शब्द ओळखू येतो तो मात्र व्यंजनांमुळे, आणि स, श, च, ठ, थ यांची ओळख पटवणारा भाग बहुतांशी २ हजार हर्ट्झच्या वर असतो. 'स'चा तर मुख्य जोर ४ हजारांच्याही वर. म्हणून जुन्या टेलिफोनवर, जिथे ३४०० हर्ट्झच्या वरचं काही जातच नव्हतं, आपण "स, समईतला स" असं सांगत बसायचो. मराठीत तर 'जग' हा एकच लिहिलेला शब्द, दुनिया म्हणून वेगळा उच्चारतो आणि "सुखाने जग" म्हणताना वेगळा. तो फरक सगळा वरच्या पट्ट्यातल्या सळसळीत आहे.

आणि 'स' म्हणजे तरी काय, दातांमधून सुटलेली हवा. पंखा म्हणजेही हवाच. 'नॉइज रिडक्शन' आवाजाचे बारीक तुकडे करून प्रत्येक पट्टा गोंगाटाच्या नमुन्याशी ताडून बघतं आणि जुळला की दाबतं. त्याच्या नजरेला 'स' आणि पंखा सख्खे भाऊ दिसतात. जास्त ओढलं की दोघेही जातात, आणि गोंगाटाचे जे सुटे कण वाचतात ते बुडबुड्यांसारखे मागे वाजत राहतात.

आता मी हे असं वापरतो. कुणीच बोलत नाहीये अशी दोन-तीन सेकंदं निवडून 'गेट नॉइज प्रोफाइल', मग अख्खी फाइल निवडून रिडक्शन ६ ते ८ डेसिबलवर ठेवतो. पंखा राहतो थोडा. राहू दे. मग 'रेसिड्यू' निवडून ऐकतो, म्हणजे सॉफ्टवेअर काय काढून टाकणार आहे ते ऐकू येतं. त्या कचऱ्यात नुसती सळसळ असली तर ठीक, त्यात शब्द ओळखू यायला लागले तर काटा मागे. पुन्हा 'रिड्यूस'वर आणायला विसरू नका. मी एकदा विसरलो होतो, आणि तासभराचा कचरा यूट्यूबवर चढवला होता.

क्रम महत्त्वाचा आहे, आणि बहुतेकांचं इथेच चुकतं. आधी मोनो करणं, मग खालचे आवाज कापणारं 'हाय-पास फिल्टर' ८० हर्ट्झवर, बोलणाऱ्या बाई असतील तर १०० वर. पोडियमवर ठेवलेल्या हाताचे दणके, बाहेरच्या ट्रकची घरघर इथेच गळते. त्यानंतर गोंगाट. मग वेगवेगळे पट्टे कमी-जास्त करणारा इक्वलायझर: २५० ते ४०० हर्ट्झच्या आसपास तीनेक डेसिबल कमी केले की डब्यात बोलल्यासारखं वाटणं जातं, आणि अडीच ते चार हजारांच्या पट्ट्यात दोन-तीन डेसिबल वाढवले की शब्द पुढे येतात. याहून जास्त वाढवलंत तर 'स' कानात सुईसारखा टोचतो. कॉम्प्रेसर त्यानंतरच. तो मोठे आवाज दाबून लहान वर आणतो. प्रमाण ३ ला १ पुरतं. कॉम्प्रेसर आधी लावला तर वक्ता थांबला की पंखा वर येतो, बोलला की खाली जातो, आणि हलणाऱ्या पंख्याशी कुठलाच नमुना जुळत नाही. शेवटी 'लाउडनेस नॉर्मलायझेशन'. आवाज सरासरी किती मोठा ते मोजणाऱ्या लफ्स (LUFS) या मापात मी तो उणे १६ वर ठेवतो, फोनवर ऐकणाऱ्यांना ते पुरतं. आपण टाकलेलं प्रमाणाबाहेर मोठं असलं तर यूट्यूब स्वतःच खाली आणतं, तेव्हा आवाज कमाल पातळीला टेकवण्यात अर्थ नाही.

शिक्षकांचं व्याख्यान मूळ फाइलवरून पुन्हा केलं. 'साठ' परत आला. म्हणून मूळ फाइल कधीही पुसू नका.

रेकॉर्डिंग चांगलं, ऐकण्यात घोळ

कधी कधी दोष ऐकणाऱ्याच्या घरी असतो. ब्लूटूथ हेडफोनवर गाणं सुरेख लागतं आणि मीटिंग सुरू झाली की आवाज डब्यातला होतो, कारण माइक चालू होताच हेडफोन गाण्याची पद्धत सोडून फोनची पद्धत धरतो आणि वरचा पट्टा कापला जातो. लॅपटॉपच्या सेटिंगमध्ये माइक म्हणून लॅपटॉपचाच निवडा, हेडफोन फक्त ऐकायला ठेवा. लगेच फरक पडतो.

टीव्हीवर सिनेमातलं बोलणं बुडतं आणि मारामारी सुरू झाली की रिमोटकडे हात जातो, त्याचं कारण बऱ्याचदा असं की सहा वाटांचं मिश्रण टीव्हीच्या दोन छोट्या, बहुधा खाली तोंड केलेल्या स्पीकरमध्ये कोंबलेलं असतं. अ‍ॅपमध्ये ५.१ ऐवजी स्टिरिओ निवडा, टीव्हीत 'नाइट मोड' किंवा संवाद वाढवणारा पर्याय असेल तर चालू करा.

आणि परदेशात राहून झूमवर इकडच्या गुरुजींकडे गाणं शिकणाऱ्यांसाठी: तुमचा तानपुरा गायब होतो तो नेटमुळे नाही. सतत एकसुरी वाजणारं काहीही झूमला पंखाच वाटतं. 'ओरिजिनल साउंड' चालू करा, दोन्ही टोकांना.

यंदाच्या मालेत मी एक नवी गोष्ट सुरू केली. वक्ता उभा राहण्याआधी सूत्रसंचालक सगळ्यांना दहा सेकंद शांत बसायची विनंती करतात. पंख्याचा स्वच्छ नमुना मिळावा, एवढाच हेतू. आजवर सहा व्याख्यानं झाली. सहाही वेळा सातव्या-आठव्या सेकंदाला कुणाचा तरी फोन वाजला, आणि पाचव्या वेळी तो माझा होता.